व्हेरिएबल असतं कुठे? ब्राउझरमधल्या ‘लिटल मॅन कॉम्प्युटर’वर लो-लेव्हल प्रोग्रॅमिंगची सुरुवात

“सर, पण व्हेरिएबल नेमकं असतं कुठे?” सी भाषेतला पॉइंटरचा, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलचा, धडा चालू असताना पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं हे विचारलं. व्हेरिएबल म्हणजे किंमत ठेवायची, नाव दिलेली जागा; म्हणून मी फळ्यावर नेहमीसारखा चौकोन काढला, त्यात ५ लिहिले आणि चौकोनाशेजारी एक पत्ता लिहिला. तिनं मान हलवली, पण ती फक्त माझा मान राखण्यासाठी. पत्ता म्हणजे काय, तो कोण वाचतं, चौकोनातला आकडा कोण उचलतं, यातलं काहीच त्या चित्रात नव्हतं.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी सी बाजूला ठेवली आणि ब्राउझरमध्ये ‘लिटल मॅन कॉम्प्युटर’चा सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर चालणारी यंत्राची नक्कल, उघडला. तेव्हापासून पॉइंटर शिकवण्याआधी मी हे केल्याशिवाय राहत नाही. त्याच क्रमानं, घरी एकट्यानं दोन संध्याकाळींत करता येईल असं हे सगळं इथे मांडतो. माझा आग्रह एवढाच आहे: पहिले प्रोग्रॅम शब्दांत लिहू नका, आकड्यांत लिहा. का, ते पुढे आपोआप कळेल.

साधन कोणतं

लिटल मॅन कॉम्प्युटर हे खरं यंत्र नाही. एमआयटीच्या स्टुअर्ट मॅडनिक यांनी १९६५ साली विद्यार्थ्यांना संगणकाची आतली रचना समजावी म्हणून ही कल्पना मांडली. इंग्लंडमध्ये शालेय पातळीवरच्या कॉम्प्युटर सायन्सच्या अभ्यासक्रमात ती आजही शिकवली जाते, त्यामुळे तिचे बरेच सिम्युलेटर फुकट मिळतात. पीटर हिगिन्सन यांचा सिम्युलेटर मी वापरतो; आकडा मेमरीतून प्रोसेसरकडे जाताना त्यात डोळ्यांना दिसतो. नाव टाकून शोधलंत की सापडेल. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, लॅबमधल्या जुन्या मशीनवरही चालतं.

मोबाइलवर मात्र शंभर खण एका नजरेत मावत नाहीत. लॅपटॉप नसेल तर फोन आडवा धरा आणि मेमरीचा तक्ता वहीत काढून शेजारी ठेवा.

पहिली पायरी: ब्राउझर बंद, वही उघडी

एक खोली डोळ्यांसमोर आणा. भिंतीवर १०० खण आहेत, ०० ते ९९ असे क्रमांक टाकलेले, टपाल कचेरीत पत्रं लावायचे खण असतात तसे. प्रत्येक खणात एकच चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तीन अंकी एकच आकडा. टेबलावर एक कॅल्क्युलेटर आहे. खऱ्या प्रोसेसरमध्ये याला अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. एक आवक ट्रे, एक जावक ट्रे. आणि दोन अंकी एक काउंटर, ज्यावर पुढे कोणता खण उघडायचा ते लिहिलेलं असतं. या खोलीत एक छोटा माणूस राहतो. त्याला स्वतःची बुद्धी नाही, तो फक्त पुढचा क्रम पाळतो:

१. काउंटर बघ.
२. त्या क्रमांकाच्या खणातला आकडा वाच.
३. काउंटर एकानं वाढव.
४. वाचलेल्या आकड्यात जे सांगितलंय ते कर. मग परत पहिल्यापासून.

तिसरी आणि चौथी पायरी यांचा क्रम नीट लक्षात ठेवा. काउंटर आधी वाढतो, काम नंतर होतं. म्हणूनच ‘अमुक खणावर उडी मार’ अशी आज्ञा आली की काउंटरवर नवा क्रमांक लिहिला जातो आणि तोच टिकतो. क्रम उलटा असता तर प्रत्येक उडी एक घर पुढे पडली असती.

आज्ञा मोजून दहा आहेत. आकड्याचा पहिला अंक काम सांगतो, उरलेले दोन अंक खणाचा क्रमांक; ९०१, ९०२ आणि ००० यांत मात्र खणाचा क्रमांक नसतो.

१•• त्या खणातला आकडा कॅल्क्युलेटरमध्ये मिळव
२•• त्या खणातला आकडा कॅल्क्युलेटरमधून वजा कर
३•• कॅल्क्युलेटरमधला आकडा त्या खणात लिही
५•• त्या खणातला आकडा कॅल्क्युलेटरवर घे
६•• त्या खणावर उडी मार
७•• कॅल्क्युलेटरवर शून्य असेल तरच उडी मार
८•• शून्य किंवा धन असेल तरच उडी मार
९०१ आवक ट्रेमधून आकडा घे
९०२ कॅल्क्युलेटरमधला आकडा जावक ट्रेमध्ये टाक
००० थांब

४ ने सुरू होणारी आज्ञाच नाही. ८•• बद्दल एक खबरदारी: वजाबाकी शून्याखाली गेली की आकडा कसा दाखवायचा हे प्रत्येक सिम्युलेटर आपापल्या पद्धतीनं ठरवतो. म्हणून वजाबाकीनंतर लगेच ८•• वापरून निर्णय घ्या, ऋण आकड्यावर पुढची गणितं रचू नका.

दुसरी पायरी: पहिला प्रोग्रॅम हातानं चालवा

दोन आकडे घेऊन बेरीज करायची आहे.

०० : ९०१
०१ : ३०६
०२ : ९०१
०३ : १०६
०४ : ९०२
०५ : ०००
०६ : ०००

आता वहीत चार रकाने आखा: काउंटर, आज्ञा, कॅल्क्युलेटर, खण ०६. आवक ट्रेमध्ये आधी २५, मग १७ ठेवलेत असं समजा आणि तुम्हीच तो छोटा माणूस व्हा.

पहिल्या ९०१ नंतर कॅल्क्युलेटरवर २५. मग ३०६, म्हणजे खण ०६ मध्ये २५. इथे क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, आता कॅल्क्युलेटरवर काय आहे? माझ्या वर्गात निम्मे जण शून्य लिहितात. त्यांच्या मनात चिठ्ठी उचलून दुसरीकडे ठेवली जाते. पण इथे काहीच हलत नाही, नक्कल होते. कॅल्क्युलेटरवर २५ तसेच आहेत. पुढच्या ९०१ नं ते पुसले जातात आणि १७ येतात, १०६ नं खण ०६ मधले २५ मिळून ४२ होतात, ९०२ नं ४२ जावक ट्रेमध्ये जातात. आणि कॅल्क्युलेटरवर? अजूनही ४२. वाचल्यानं आकडा संपत नाही, लिहिल्यानं मात्र आधीचा कायमचा जातो. पुढे सी लिहिताना ‘ए बरोबर बी’ ही ओळ वाचाल तेव्हा हाच नियम लागू असेल.

तिसरी पायरी: आता ब्राउझर

सिम्युलेटरमध्ये प्रोग्रॅम लिहायची एक चौकट असते. तिथे सहसा तीन अक्षरी शब्दांत आज्ञा लिहितात, पण आपण अजून शब्दांकडे जायचं नाही. प्रत्येक ओळीवर डी-ए-टी ही तीन रोमन अक्षरं, एक जागा सोडून आपला आकडा, असं लिहा. सात आकड्यांच्या सात ओळी. आकडे रोमन लिपीतले टाका, देवनागरी आकडे सिम्युलेटरला वाचता येत नाहीत. मग प्रोग्रॅम मेमरीत भरायचं बटण दाबा. पहिल्या सात खणांत तुमचे आकडे दिसायला हवेत. एखादा चुकलाय का ते वहीशी ताडून बघा.

‘डॅट’चा अर्थ ‘हा नुसता डेटा आहे, खणात ठेवून दे’ एवढाच. म्हणजे आज्ञा म्हणून आपण एकही गोष्ट दिलेली नाही, सगळा डेटाच दिलाय. तरीही प्रोग्रॅम चालणार आहे. हे डोक्यात राहू द्या.

‘रन’ दाबू नका. ‘स्टेप’ दाबा, आणि प्रत्येक वेळी दाबण्याआधी वहीत लिहा की आता कॅल्क्युलेटरवर काय येईल. लिहिलेलं आणि पडद्यावरचं जुळलं नाही, तर तिथेच थांबून कारण शोधा. हा एवढा एक नियम पाळणारी मुलं आणि नुसतं ‘रन’ दाबून ४२ आले म्हणून खूश होणारी मुलं, यांच्यात दोन आठवड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडलेला मी दर वर्षी बघतो.

चौथी पायरी: थांबायची आज्ञा काढून टाका

आता मुद्दाम एक चूक करू. खण ०५ मधलं ‘थांब’ काढून टाका आणि तीच जागा डेटासाठी वापरा:

०० : ९०१
०१ : ३०५
०२ : ९०१
०३ : १०५
०४ : ९०२
०५ : ०००

पहिला आकडा म्हणून ९०१ द्या, दुसरा ५. जावक ट्रेमध्ये ९०६ येतात, बेरीज बरोबर आहे. पुढे काय होईल ते वहीत लिहा आणि मगच स्टेप दाबा.

यंत्र तिसरा आकडा मागतं. प्रोग्रॅममध्ये तर दोनदाच मागितला होता! झालं असं की काउंटर ०५ वर पोचला, छोट्या माणसानं तो खण उघडला, आत तुम्ही दिलेले ९०१ होते आणि त्यानं ते आज्ञा म्हणून पाळले. तिसरा आकडा दिलात की तो खण ०६ वर जातो, तिथे ००० सापडतात आणि थांबतो.

आता परत भरा आणि पहिला आकडा ६०० द्या, दुसरा ५०. उत्तर ६५० येतं आणि प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, कारण ६०० म्हणजे ‘खण ०० वर उडी मार’. प्रोग्रॅम लिहिला मी, पण यंत्र आता कुठे जाणार ते ठरवलं आकडा देणाऱ्यानं.

या जागी वर्गात एकदम शांतता होते, आणि मी ती मोडत नाही. आज्ञा आणि डेटा यांच्यात खणाच्या पातळीवर काहीही फरक नाही. ९०१ हा आकडा आज्ञा आहे की आंब्यांची संख्या, हे त्या आकड्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. काउंटर तिथे पोचला तर ती आज्ञा, कुणी ५•• नं उचलला तर तो डेटा. मघाशी सगळं ‘डॅट’ म्हणून भरूनही प्रोग्रॅम चालला तो यामुळेच.

खऱ्या जगात याची किंमत मोजावी लागली आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर स्वतःच्या नकला करत पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ या प्रोग्रॅमनं वापरलेल्या वाटांपैकी एक हीच होती: दुसऱ्या एका प्रोग्रॅमला, त्या प्रोग्रॅमनं राखलेल्या जागेपेक्षा लांब मजकूर द्यायचा आणि त्या मजकुरातले आकडे प्रोसेसरकडून आज्ञा म्हणून चालवून घ्यायचे. आजच्या प्रोसेसरमध्ये मेमरीच्या काही भागावर ‘इथलं काही चालवायचं नाही’ अशी खूण करता येते, ती असल्याच हल्ल्यांमुळे. राखलेल्या जागेबाहेर मजकूर सांडण्याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात; त्याची व्याख्या पाठ करण्याआधी हा सहा खणांचा प्रयोग करा.

पाचवी पायरी: गुणाकार

छोट्या माणसाला गुणाकार येत नाही. ७ गुणिले ३ म्हणजे ७ तीनदा मिळवणं.

०० : ९०१
०१ : ३१६
०२ : ९०१
०३ : ३१७
०४ : ५१७
०५ : ७१२
०६ : २१५
०७ : ३१७
०८ : ५१८
०९ : ११६
१० : ३१८
११ : ६०४
१२ : ५१८
१३ : ९०२
१४ : ०००
१५ : ००१
१६ : ०००
१७ : ०००
१८ : ०००

खण १५ मध्ये कायमचा १ ठेवलाय, १६ मध्ये पहिला आकडा, १७ मध्ये किती फेऱ्या उरल्या, १८ मध्ये साठत जाणारी बेरीज. ०४ ते ११ हा लूप, म्हणजे परत परत चालणारा भाग. फेऱ्या शून्यावर आल्या की ७१२ नं बाहेर पडून खण १२ वर जायचं.

७ आणि ३ देऊन स्टेप मोजा: शेवटच्या ‘थांब’सकट ३३ आज्ञा चालतात. आता ३ आणि ७ या क्रमानं द्या. उत्तर तेच २१, पण आज्ञा ६५. प्रत्येक फेरीला आठ आज्ञा लागतात आणि फेऱ्या दुसऱ्या आकड्यावर ठरतात. प्रोग्रॅमचा ‘वेग’ म्हणजे काय, हे इथे हाताची बोटं मोजून कळतं.

पुढची खोडी: खण १४ मध्ये ००० ऐवजी ६०० टाका, म्हणजे एक गुणाकार झाला की यंत्र पुढची जोडी मागेल. ७ आणि ३ द्या, २१. मग २ आणि २ द्या. उत्तर २५ येतं. खण १८ मध्ये आधीचे २१ तसेच पडून होते, त्यात ४ मिळाले. सीमध्ये व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत न देता वापरू नका असं शिक्षक का बजावतात, त्याचं कारण या २५ मध्ये आहे. रिकामा खण असा प्रकारच नसतो. कुणाचं तरी जुनं काहीतरी त्यात असतंच.

दुरुस्ती सोपी वाटते. सुरुवातीला दोन आज्ञा घालायच्या: एका खणातून शून्य उचल, बेरजेच्या खणात लिही. करून बघा. दोन आज्ञा वर आल्या की खालचं सगळं दोन घरं सरकतं. बेरजेचा खण १८ चा २० होतो, लूपची सुरुवात ०४ ची ०६ होते. जुन्या पंधरा आज्ञांपैकी अकरा आज्ञांमधले पत्ते बदलावे लागतात आणि एखादा हमखास राहतो. हे काम टाळू नका, एकदा पूर्ण करा. तुमचं उत्तर या रांगेशी ताडून बघा:

५२१, ३२०, ९०१, ३१८, ९०१, ३१९, ५१९, ७१४, २१७, ३१९, ५२०, ११८, ३२०, ६०६, ५२०, ९०२, ६००, ००१, ०००, ०००, ०००, ०००

सहावी पायरी: आता शब्द

अकरा पत्ते हातानं बदलल्यावर असेंब्ली भाषा, म्हणजे आकड्यांऐवजी शब्दांत आज्ञा लिहिणं, ही शिक्षा न वाटता सुटका वाटते. सिम्युलेटरच्या मदतपानावर तीन अक्षरी शब्द दिलेले असतात: १•• ला ‘अ‍ॅड’, ९०१ ला ‘इन्प’, ००० ला ‘एचएलटी’ वगैरे. ते पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. खरी गंमत लेबलांत आहे. बेरजेच्या खणाला ‘टोटल’ आणि लूपच्या सुरुवातीला ‘लूप’ अशी नावं द्या, आज्ञांमध्ये तीच नावं वापरा आणि वर कितीही ओळी घाला. पत्ते असेंबलर, म्हणजे शब्दांचे आकडे करणारा प्रोग्रॅम, मोजतो. गुणाकार असा पुन्हा लिहा, मेमरीत भरा आणि खणांतले आकडे बघा. हातानं काढलेले तेच आकडे तिथे असतील. व्हेरिएबलचं नाव मेमरीत कुठेच नसतं. नाव आपल्यासाठी, यंत्राकडे फक्त खणाचा क्रमांक. त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिला इथे मिळालं होतं.

सातवी पायरी: स्वतःला बदलणारा प्रोग्रॅम

उरलेलं अर्धं उत्तर इथे आहे. समजा, खण ०७ पासून पाच आकडे ओळीनं ठेवलेत आणि ते एकेक करून दाखवायचे आहेत. ५०७ म्हणजे खण ०७ उचल, ५०८ म्हणजे खण ०८. पण लूपमध्ये आज्ञा तर एकच असते, दर फेरीला तिचा पत्ता कसा बदलायचा? आज्ञा हासुद्धा एक आकडाच आहे ना? मग तिच्यात १ मिळवा.

०० : ५०७
०१ : ९०२
०२ : ५००
०३ : १०६
०४ : ३००
०५ : ६००
०६ : ००१
०७ : ०१२
०८ : ०४५
०९ : ००७
१० : १३०
११ : ०८८

०२ वर छोटा माणूस खण ०० मधली आज्ञाच आकडा म्हणून उचलतो, १ मिळवून परत ठेवतो आणि तिच्यावरच उडी मारतो. खण ०० कडे नजर लावून स्टेप दाबत राहा: ५०७, ५०८, ५०९... त्यातले शेवटचे दोन अंक म्हणजे पॉइंटर. त्यांच्यात दुसऱ्या खणाचा क्रमांक आहे आणि त्या क्रमांकावर बेरीज करता येते. ॲरे (ओळीनं ठेवलेले आकडे) आणि पॉइंटर एकमेकांत इतके का गुंतलेले असतात, हे याहून सोप्या रीतीनं मला तरी दाखवता आलेलं नाही.

पाच आकडे झाले तरी हा थांबत नाही. खण १२ ते ९९ मधली ८८ शून्यं दाखवतो. मग ५९९ मध्ये १ मिळतो आणि खण ०० मध्ये ६०० येतात. ‘उचल’ची ‘उडी’ झाली, तीही स्वतःवरच. काउंटर ०० वर अडकून बसतो आणि यंत्र कायमचं गोल फिरत राहतं. वेग वाढवून हे एकदा शेवटपर्यंत बघाच. ‘प्रोग्रॅम हँग झाला’ म्हणजे काय, ते इतकं स्वच्छ परत दिसणार नाही.

त्याला पाच आकड्यांवर थांबवणं हा तुमचा गृहपाठ. एवढंच सांगतो: खण ०० मध्ये नवी आज्ञा लिहून झाली तरी ती कॅल्क्युलेटरवर असतेच. ती ५१२ झाली की काम संपलं. ५१२ एका खणात ठेवा, वजा करा, शून्य आलं तर बाहेर. पत्ते सरकतील, तेव्हा लेबलं वापरा आणि आकडे जितकी घरं सरकतील तितकाच ५१२ हा आकडाही वाढवा.

केंब्रिजच्या एडसॅक या संगणकावर १९४९ साली प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ओळीनं ठेवलेले आकडे वाचायला हेच करावं लागे, कारण त्यात पत्त्यात भर घालणारं इंडेक्स रजिस्टर नव्हतं. मँचेस्टर मार्क १ या यंत्रात त्याच काळात ती सोय केली गेली. प्रोग्रॅमनं स्वतःच्या आज्ञा बदलणं आता धोक्याचं आणि अवघड समजलं जातं. तरी एकदा हातानं केलंत की इंडेक्स रजिस्टर कशासाठी आलं हे कुणी सांगावं लागत नाही.

इथून पुढे

हे जमलं की लिटल मॅनवर जास्त रेंगाळू नका. निक मॉर्गन यांचं ‘इझी ६५०२’ ब्राउझरमध्येच चालतं आणि १९७५ साली आलेल्या खऱ्या ६५०२ चिपची असेंब्ली शिकवतं. ॲपल टू आणि बीबीसी मायक्रो याच चिपवर चालायचे. तिथे खण शंभराऐवजी ६५,५३६, प्रत्येकात ० ते २५५ पर्यंतचा आकडा. पत्ते सोळाच्या पायाच्या पद्धतीत लिहितात, त्याला दोन-तीन दिवस द्या. खण ५१२ ते १५३५ हे पडद्याला जोडलेले आहेत: ३२ गुणिले ३२ ठिपके. खणात आकडा लिहिला की त्या जागी रंग उमटतो. लिटल मॅनमध्ये ‘खणात लिही’ म्हणजे नुसता आकडा बदलायचा, इथे तेच केलं की चित्र होतं.

शिवाय तिथे एक्स आणि वाय अशी दोन इंडेक्स रजिस्टरं आहेत. तेव्हा पहिला प्रोग्रॅम म्हणून सातव्या पायरीतलाच घ्या: ओळीनं ठेवलेले पाच आकडे उचलून पडद्याच्या पहिल्या पाच ठिपक्यांत टाका. पत्ता तोच राहतो, दर फेरीला फक्त एक्स एकानं वाढवायचा, आणि ‘उचल’ या आज्ञेला हातही लावावा लागत नाही.